राहून गेलेले गेम नेमके कुठे अडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९, राहणं नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबड एमआयडीसीत तीन पाळ्यांची. कॉलेजच्या वर्षांत घरचा कॉम्प्युटर झेपत नव्हता आणि पुढे वेळ मिळाला नाही, म्हणून सात गेम राहून गेले: पोर्टल, मॅक्स पेन, हाफ-लाइफ २, माफिया, मेटल गिअर सॉलिड, डार्क सोल्स आणि विचर ३. सध्या घरात कंपनीने लिलावात काढलेला छोट्या डब्याचा डेस्कटॉप आहे: सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅमची एक पट्टी, हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. जुन्या सीडींचा एक डबाही माळ्यावर आहे. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात सुटलं. आता कुठून धरायचं?

राहून गेलेला गेम दोन जागी अडतो. पहिली जागा म्हणजे तो चालू होणं. दुसरी गेमच्या आतच असते: एक ठरावीक टप्पा, जिथे भलेभले खेळाडू सोडून देतात. ही दुसरी जागा प्रत्येक गेमची वेगळी असते आणि ती आधी माहीत असली की निम्मं काम होतं. तुमचं दोनदा सुटलं ते यातल्याच एखाद्या जागी सुटलं असणार. म्हणून खाली प्रत्येक गेमची अडण्याची जागा सांगतो, पण त्याआधी वेळेचा आणि मशीनचा हिशेब.

फक्त मुख्य कथा धरली तर पोर्टलला साडेतीन तास लागतात, मॅक्स पेनला आठ, माफिया आणि मेटल गिअरला प्रत्येकी बारा, हाफ-लाइफ २ ला तेरा, डार्क सोल्सला चाळीसच्या थोडं वर आणि विचर ३ ला पन्नासच्या आसपास. बेरीज साधारण १४० तास. आठवड्यातून दीड-दीड तासाच्या तीन बैठका धरल्या तर साडेचार तास होतात, म्हणजे अख्खी यादी ३१-३२ आठवड्यांची. गणपतीत बसलात तर उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर संपेल. त्यातही पहिले पाच गेम मिळून पन्नास तासांच्या आत बसतात, आणि हे पाचही तुमच्या आत्ताच्या डब्यावर, ग्राफिक कार्ड न घेता चालतात. म्हणून खर्च नंतर, खेळ आधी.

पाळ्यांचं मात्र एक पथ्य पाळा. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा गेम उघडू नका. कोणत्याही गेमची पहिली चाळीस मिनिटं हाताला बटणं बसवण्यात जातात आणि ते काम झोप अपुरी असताना होत नाही. मग 'आपल्याला आता जमत नाही' असा गैरसमज होतो. त्या आठवड्यात चालू असलेलाच गेम पुढे न्या, नाहीतर सरळ सुट्टी द्या. नवा गेम पहिल्या पाळीच्या आठवड्यात, संध्याकाळी.

आता डबा. दोन गोष्टी बदलल्या की तो वेगळाच वाटेल. पहिली, हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी, ५०० जीबीच्या आसपासची. दुसरी, रॅमची दुसरी पट्टी. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी ठेवत नाही, मुख्य रॅमच वापरतं. एक पट्टी म्हणजे रस्त्याला एकच लेन. आणखी ८ जीबीची पट्टी दुसऱ्या चॅनेलच्या स्लॉटमध्ये बसवली की दोन लेन होतात आणि गेममध्ये फरक उघड दिसतो. फसगत इथे होते: सहाव्या पिढीच्या बोर्डांवर डीडीआर३एल आणि डीडीआर४ अशी दोन्ही प्रकारची रॅम आली आहे. दोघींच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे जबरदस्तीने दाबली तर स्लॉट मोडतो. जुन्या पट्टीवरचं लेबल बघा, 'पीसी३एल' की 'पीसी४' ते वाचा, शक्यतो पट्टीच काढून दुकानात न्या. डबा अगदी पुस्तकाएवढा असेल तर त्यात लॅपटॉपची आखूड रॅम लागते आणि त्यात ग्राफिक कार्ड कधीच बसणार नाही. तसं असेल तर यादीतले शेवटचे दोन गेम वेगळ्या मशीनसाठी ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचं ऊन चाळिशीला टेकतं, तेव्हा असा छोटा डबा लाकडी कपाटात कोंडून ठेवू नका. उघडून पंख्यावरची धूळ ब्रशने काढा आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर बदला. तांदळाच्या एका दाण्याएवढी पुरते. खेळ सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी अडखळायला लागला तर समजा की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय. त्यात गेमचा दोष नाही.

सीडींच्या डब्याबद्दल. त्यातल्या मूळ सीडी आठवण म्हणून ठेवा, पण त्यावरून बसवण्याच्या फंदात पडू नका. २००० च्या आसपासच्या कितीतरी गेमवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, आणि त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये घेतलेलाच नाही. अस्सल सीडी घातली तरी गेम 'सीडी घाला' म्हणत बसतो. त्याहून जुन्या काही सीडींचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, तो ६४ बिट विंडोजवर उघडतच नाही. आणि डब्यातल्या नकली सीडी तर मुळात अर्ध्याच असण्याची शक्यता मोठी. एका सीडीत मावावं म्हणून त्या काळी गेममधले व्हिडिओ आणि संगीत काढून टाकायचे. 'कथा कळलीच नाही' असं ज्यांना आठवतं, त्यातल्या अनेकांनी कथा नसलेलाच गेम खेळलेला असतो. शिवाय त्यातल्या क्रॅक फाइलमधून काय येईल याचा भरवसा नाही, आणि त्याच मशीनवर तुमचं नेटबँकिंग असतं.

हे गेम आता स्टीम आणि जीओजी या दोन दुकानांत मिळतात. स्टीमवर रुपयांत किंमत असते आणि यूपीआयने पैसे भरता येतात. जीओजीवर कार्ड वापरणार असाल तर आधी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा, खरेदी झाली की बंद करा. नव्या कार्डावर तो बंदच असतो आणि लोक 'पेमेंट फेल' बघून वेबसाइटला दोष देतात. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर स्टीमचे मोठे सेल लागतात, जुने गेम तेव्हा अगदी किरकोळ किमतीत निघतात. स्टीमचा परताव्याचा नियमही नीट लक्षात ठेवा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याची वेळ २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून सातही गेम एकदम घेऊन ठेवू नका. एक घ्या, त्याच आठवड्यात चालवून बघा, मग दुसरा. डब्यात विंडोज ७ असेल तर आधी विंडोज १० टाका. जानेवारी २०२४ पासून स्टीमने ७ आणि ८ चा आधार काढून घेतला आहे.

पहिली संध्याकाळ फक्त बसवण्यासाठी ठेवा आणि त्या दिवशी खेळायचं नाही असं ठरवून टाका. दमून घरी यायचं, दीड तास एररशी झुंजायचं आणि अकरा वाजता कंटाळून झोपायचं, यातच बहुतेकांचा पहिला प्रयत्न संपतो. गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका, सी ड्राइव्हवर 'गेम्स' असा साधा फोल्डर करा. जुने गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात, आणि 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये विंडोज त्यांना लिहू देत नाही किंवा गुपचूप दुसरीकडे लिहितं. मग सेव्ह गायब झाली असं वाटतं. 'डी३डीएक्स९_४३ ही फाइल सापडत नाही' असा एरर आला तर ती एक फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवू नका. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स जून २०१० चं पॅकेज टाका, त्यात तो पूर्ण संच येतो.

गेम उघडतो पण रंग फाटतात, पडदा काळा राहतो किंवा चित्र कोपऱ्यात येतं, यावर डीजीव्हूडू२ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. जुन्या डायरेक्टएक्सची भाषा तो आजच्या ग्राफिक्सला समजेल अशी करतो. त्याच्या 'एमएस' फोल्डरमधल्या 'एक्स८६' या उपफोल्डरातल्या डीएलएल फाइल आणि बाहेरचा कंट्रोल पॅनल प्रोग्राम हे दोन्ही गेमची मुख्य एक्सई फाइल जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये ठेवायचे. नेमकी चूक इथे होते: गेमच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवलं तर काहीच घडत नाही. आणखी एक, वेग. जुन्या गेमचं भौतिकशास्त्र कधीकधी फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांच्या, संख्येला बांधलेलं असतं. जीटीए सॅन अँड्रियास या गेममध्ये फ्रेम लिमिटर बंद केला की त्याचा नायक सीजे पाण्यात नीट पोहत नाही, हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. म्हणून कुठलाही २००५ च्या आधीचा गेम विचित्र वागायला लागला तर आधी ६० वर, मग ३० वर फ्रेम बांधून बघा. प्रत्येक गेमच्या ज्ञात दुरुस्त्या पीसी गेमिंग विकी या साइटवर एका पानात मिळतात. गेम घेण्याआधी ते पान वाचायची सवय लावा.

आता गेम, खेळायच्या क्रमाने.

पोर्टल (२००७) पहिला, कारण तो छोटा आहे आणि शिकवतो. एका हातात माउस, एका हातात कीबोर्ड, अशी नजर आणि पावलं वेगळी चालवायची सवय पंधरा वर्षांत मोडलेली असते. पोर्टलमध्ये १९ चाचणी-खोल्या आहेत आणि प्रत्येक खोली एकच नवी गोष्ट देते. अडण्याची जागा दहाव्या खोलीच्या आसपास येते, जिथे उंचावरून पडून वेग मिळवायचा आणि तो वेग भिंतीतल्या पोर्टलमधून (तुम्हीच लावायची दोन दारं, एकात शिरलं की दुसऱ्यातून बाहेर) आडवा बाहेर काढायचा. तिथे लोक उडी मारतात आणि हवेत असताना नेम धरतात. नेम आधी धरा. बाहेर पडायचं पोर्टल भिंतीवर आधी लावून ठेवा, दुसरं खाली जमिनीवर, मग फक्त पाऊल पुढे टाका. सोळाव्या खोलीत आपोआप गोळ्या झाडणाऱ्या उभ्या बंदुका येतात, त्यांना गोळ्या घालायच्या नसतात, ढकलून पाडायच्या असतात. एका आठवड्यात गेम पूर्ण होतो आणि काहीतरी संपवल्याचं समाधान पुढच्या सहा गेमना पुरतं.

मॅक्स पेन (२००१) चालू होण्यातच दोन खोड्या काढतो. पहिली, संवाद किंवा संगीत ऐकूच येत नाही, कारण त्याच्या आवाजाच्या फाइल जुन्या प्रकारात दाबलेल्या आहेत. दुसरी एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर येते, जेपेग चित्र उघडलं नाही असा एरर देऊन गेम बंद पडतो. तुमच्या आय५ ला ती लागणार नाही, पण मित्राच्या मशीनवर टाकाल तेव्हा आठवा. दोन्हींवर चाहत्यांनी केलेले दुरुस्तीचे पॅच आहेत, गेमच्या फोल्डरमध्ये टाकले की झालं. आतली अडण्याची जागा म्हणजे याच गेमच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीचं दुःस्वप्न. पूर्ण काळोख, त्यात रक्ताची एक बारीक रेघ, आणि त्या रेघेवरून चालत जायचं. बाळाच्या रडण्याचा आवाज येत असतो. वाट चुकली की खाली पडून मरण. कित्येकांनी हा उत्तम गेम इथे कायमचा सोडला. उपाय साधा आहे: हेडफोन लावा, रडण्याचा आवाज मोठा होत जाईल त्या बाजूची वाट बरोबर. प्रत्येक उडीआधी एफ५ दाबून सेव्ह करा, उडी चुकली तर एफ९. कॅमेरा खाली झुकवून रेघ पडद्याच्या मधोमध ठेवा, पळू नका. बाकी गेममध्ये गोळीबार आहे आणि तो अजूनही तितकाच रसरशीत वाटतो. कोपऱ्यामागे लपून एकेक मारण्याची सवय आजच्या गेमनी लावली आहे, ती इथे सोडा. दार उघडताच बाजूला झेप घ्या, वेळ मंद होते, दोन जण पडतात. गेम तसाच खेळण्यासाठी बनवला आहे.

हाफ-लाइफ २ (२००४) मध्ये लोक अवघडपणामुळे सोडत नाहीत, मळमळल्यामुळे सोडतात. कालव्यातला होडीचा टप्पा लांब आहे, कॅमेरा सतत डुलतो आणि तासाभरात डोकं गरगरायला लागतं. कारण असं की गेमची नजरेची रुंदी मुळात ७५ अंश ठेवली आहे, आणि मोठ्या पडद्याजवळ बसून ती खिडकीतून बघितल्यासारखी होते. सेटिंगमध्ये ती ९० करा. मोशन ब्लर बंद, खोलीतला दिवा चालू, पडद्यापासून हातभर लांब. तरी त्रास झाला तर होडीचा टप्पा वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून खेळा, आणि मळमळ सुरू झाली की त्या दिवशी पुढे रेटू नका, रेटलं तर दुसऱ्या दिवशी ती लवकर परत येते.

दुसरी जागा रेवनहोम, ओसाड गावाचा प्रसंग. तिथे लोक घाबरून थांबतात आणि गोळ्या संपवून बसतात. गोळ्या वापरूच नका. नुकतीच मिळालेली ग्रॅव्हिटी गन (वस्तू ओढून फेकणारी बंदूक) घ्या, भिंतीत रुतलेली करवतीची पाती ओढा आणि कमरेच्या उंचीवर सोडा. एका पात्यात दोन-दोन झॉम्बी कापले जातात, आणि तेच पातं परत ओढून पुन्हा वापरता येतं. गटाराचे पाइप खडखडायला लागले की वेगाने चढणारा झॉम्बी येतोय, त्या आवाजाकडे तोंड करून उभे राहा, शॉटगन तेवढ्यासाठी राखा. काळा हेडक्रॅब (अंगावर झेपावणारा खेकड्यासारखा प्राणी) चावला की तब्येतीचा आकडा थेट १ वर येतो. तेव्हा घाबरून जुनी सेव्ह उघडू नका. ते विष आहे, थोड्या वेळात आकडा आपोआप परत चढतो. तोवर फक्त दुसरा मार लागू द्यायचा नाही. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटनंतर पुढची कथा सांगणारे दोन्ही एपिसोड याच गेममध्ये आले आहेत, वेगळे विकत घ्यावे लागत नाहीत. दुसऱ्या एपिसोडची कथा अर्ध्यात सुटते, तुमची कॉपी अपुरी आहे असं समजू नका.

माफिया (२००२). जीओजीवरच्या आवृत्तीत मूळची परवान्याची गाणी नाहीत, एवढं माहीत असू द्या. आधी सेटअपची एक्सई उघडून रिझोल्यूशन निवडा, नाहीतर चित्र ताणलेलं दिसेल. सुरुवातीला टॅक्सी चालवायची असते आणि गाडी हळू जाते. १९३० च्या दशकातली गाडी आहे, तशीच जाणार. वेगमर्यादा मोडली, सिग्नल तोडला तर पोलीस दंड करतात. वेग बांधून ठेवण्याचं बटण आहे, ते कीबोर्डच्या यादीत शोधून पहिल्याच दिवशी हाताखाली घ्या. इथे सगळ्या जगाने जिथे हात टेकले ती जागा म्हणजे पाचव्या मोहिमेतली मोटार शर्यत. पहिलाच नंबर यावा लागतो. वळणात ब्रेक लावला की गाडी घसरते, कारण टायरला पकड नाही. ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर पूर्ण करा, वळताना अॅक्सिलरेटर सोडा, बाहेर पडताना तोच पुन्हा दाबा. पुढच्या पॅचमध्ये शर्यतीची अवघडता कमी करण्याचा पर्याय दिला गेला, तो ऑप्शनमध्ये बघा आणि निःसंकोच वापरा. या गेमची खरी ताकद त्याच्या कथेत आहे आणि ती शर्यतीनंतर सुरू होते. २०२० चा नवा माफिया दिसायला सुंदर आहे, पण तुमच्या डब्यावर चालणार नाही. मूळ खेळल्याचं नुकसानही काही नाही.

मेटल गिअर सॉलिड (१९९८, पीसीवर २०००) मध्ये एक अडथळा असा आहे की नकली सीडीवर खेळणारा तिथे हमखास अडकायचा. ओलीस ठेवलेला एक म्हातारा सांगतो की मेरिल या साथीदाराचा रेडिओ नंबर 'सीडीच्या कव्हरच्या मागे' आहे. थोड्याच वेळापूर्वी त्याने गेममध्येच एक डिस्क हातात दिलेली असते, म्हणून लोक ती डिस्क तासभर न्याहाळतात. तो बोलत होता ते दुकानातल्या खऱ्या डबीबद्दल. मागच्या बाजूला रेडिओवर बोलणाऱ्या एका दृश्याचं छोटं चित्र होतं, त्यात नंबर दिसायचा. नंबर १४०.१५. कोडेकमध्ये, म्हणजे गेममधल्या रेडिओत, हाताने लावा, मेरिल उत्तर देईल. पुढे एक मन वाचणारा शत्रू येतो, त्याला तुमचा प्रत्येक वार आधीच कळतो. प्लेस्टेशनवर कंट्रोलर दुसऱ्या पोर्टला लावायचा होता. पीसीवर कंट्रोलर खाली ठेवा आणि त्याच्याशी कीबोर्डने लढा. याहून जास्त या गेमबद्दल आधी वाचू नका.

उरलेल्या दोन गेमना कार्ड लागेल. छोट्या डब्याची पॉवर सप्लाय १८०-२४० वॉटची असते आणि तिला ग्राफिक कार्डाची जादा वायर नसते. म्हणून कार्ड असं हवं जे स्लॉटमधूनच वीज घेईल, म्हणजे ७५ वॉटच्या आत, आणि उंचीला अर्धं, लो-प्रोफाइल. जीटीएक्स १६५० चं लो-प्रोफाइल मॉडेल यात बसतं. आरएक्स ६४०० सुद्धा आकाराने बसतं आणि त्याहून कमी वीज खातं, पण ते बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन वापरतं. तुमच्या जुन्या बोर्डावर त्या चार लेनचा वेग निम्मा असतो, त्यामुळे ते नव्या बोर्डावर देतं तेवढं इथे देत नाही. जाताना स्लॉटशेजारी दुसऱ्या स्लॉटची जागा मोकळी आहे का ते पट्टीने मोजून जा, कारण बरीच कार्डं दोन स्लॉट जाडीची असतात. अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी कार्डासोबत आहे ना, तेही विचारा. ती नसली तर डबा बंद होत नाही. जुनं कार्ड घेत असाल तर दुकानातच पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून बघा. पडद्यावर ठिपके किंवा चौकोन आले, पंखा घासल्याचा आवाज आला तर नको म्हणा. आणि घरी बसवल्यावर मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डात लावा. हे विसरून 'काही फरक नाही' म्हणणारे खूप असतात.

कार्ड येण्याआधी विजेची सोय बघा. मेअखेर वळवाचा पाऊस सुरू झाला की दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते आणि नेमकी सेव्ह होत असताना गेली तर ती फाइल खराब होते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं, ते 'यूपीएस'वर ठेवा. नॉर्मलवर वीज बदलायला लागणारा क्षण लांब असतो, तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. एकाच सेव्हवर पुनःपुन्हा लिहू नका, तीन जागा आलटून पालटून वापरा.

डार्क सोल्स (२०११, घ्यायची ती २०१८ ची रीमास्टर्ड). जुन्या पीसी आवृत्तीला बाहेरचा पॅच लागतो, तिच्यामागे जाऊ नका. कंट्रोलर हवाच, माउसवर हा गेम छळ आहे. पहिल्या पाच मिनिटांत एक प्रचंड राक्षस वरून पडतो आणि तुमच्या हातात तुटकी तलवार असते. लढायचं नाही. डाव्या भिंतीत उघडं दार आहे, तिकडे पळा. नंतर नीट शस्त्रं मिळाली की तुम्ही त्याच्या वरच्या सज्जात पोहोचता, तिथून थेट त्याच्या डोक्यावर वार करत उडी मारा, तब्येतीचा मोठा तुकडा जातो.

मग फायरलिंक ही विसाव्याची जागा येते आणि तिथेच लोक हरतात. शेजारी स्मशान आहे, वाट उघडी दिसते, आत सांगाडे. दहा वेळा मरतात आणि गेम अशक्य आहे म्हणून विकून टाकतात. सांगाडे म्हणजे वाट चुकली. कड्याला लागून वर जाणाऱ्या पायऱ्या शोधा. तिथले शत्रू दोन-तीन वारांत पडतात, म्हणजे वाट बरोबर. हा गेम दिशा पाटीने सांगत नाही, शत्रूच्या ताकदीने सांगतो. एवढं कळलं की पुढचे चाळीस तास तोच नियम चालतो. तटावरच्या बैलतोंड्या राक्षसाआधी मागच्या बुरुजाच्या शिडीवर चढून दोन धनुर्धारी संपवा, मग राक्षस जवळ आला की बुरुजावरून त्याच्यावर उडी. हे दोन-तीनदा केलं की तो संपतो. आणि शत्रू मारून मिळालेले सोल्स (गेममधलं चलन) सगळे स्वतःच्या लेव्हलवर घालू नका, लोहाराकडून शस्त्र वाढवून घ्या. सुरुवातीला शस्त्राची एक-दोन वाढ कित्येक लेव्हलच्या तोडीची असते. ज्यांना हा गेम नुसताच अवघड वाटतो, त्यांच्या हातात बहुतेक वेळा न वाढवलेली तलवार असते.

विचर ३ (२०१५) शेवटी. जागा साधारण ५० जीबी धरा. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारलं जातं. १६५० सारख्या कार्डावर ११ निवडा. १२ वर झटके बसतात. हा गेम कोणी हरून सोडत नाही, दमून सोडतं. पहिलं छोटं गाव संपलं की वेलेन नावाचा मोठा दलदलीचा प्रदेश उघडतो आणि नकाशावर शेकडो प्रश्नचिन्हं उमटतात. कारखान्यात दिवसभर कामाची यादी उरकून आलेला माणूस इथेही यादी उरकायला लागतो आणि तीन आठवड्यांत कंटाळतो. नकाशाच्या फिल्टरमधून प्रश्नचिन्हं बंद करा. स्केलिगे बेटांच्या समुद्रातली तर पाण्यात तरंगणाऱ्या पेट्यांची असतात, त्यांच्यामागे होडी घेऊन हिंडू नका. मुख्य कथा, गावातल्या फलकावरचे राक्षसांचे करार आणि जिच्यात नाव-गाव असलेला माणूस भेटतो अशी उपकथा, एवढंच खेळा. वेलेनमधल्या ब्लडी बॅरनची गोष्ट पूर्ण होईपर्यंत सोडायचा निर्णय घेऊ नका, या गेमचं लेखन कोणत्या दर्जाचं आहे ते तिथे कळतं. तुमच्या लेव्हलपेक्षा सहा किंवा जास्त खालचं काम यादीत करडं दिसतं, त्यातून अनुभव नगण्य मिळतो, ते वगळलं तरी काही बिघडत नाही. औषधाच्या बाटल्या एकदाच बनवायच्या असतात. पिशवीत कडक दारू असली की ध्यान केल्यावर त्या आपोआप भरतात. हे माहीत नसल्यामुळे लोक औषधं जपून ठेवतात आणि लढाईत मार खातात.

एवढ्या लांबीच्या गेमसाठी टेबलावर एक वही ठेवा. उठताना दोन ओळी लिहा: कुठे उभा आहे आणि पुढे काय करायचं होतं. रात्रपाळीचा आठवडा गेला, मध्ये सणवार आले, आणि बारा दिवसांनी सेव्ह उघडली की समोर जंगल असतं, हातात कुठलं तरी काम, आणि आपण तिथे का आलो ते आठवत नाही. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा माणूस गेम उघडत नाही. वही असली की 'क्रो'ज पर्चला बॅरनकडे परत, वाटेत विहिरीचं काम राहिलं' एवढ्यावर पाच मिनिटांत लय सापडते.

हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन ही दोन्ही विस्तार-कथानकं मुख्य कथा संपल्यावर, याच क्रमाने. पहिलं दहा-एक तासांचं आहे, ३२ च्या आसपास लेव्हल लागते. ब्लड अँड वाइन द्राक्षमळ्यांच्या आणि वाइनच्या मुलखात घडतं. गंगापूर धरणाच्या वाटेवरचे मळे रोज पाहणाऱ्याला तिथली संध्याकाळ ओळखीची वाटेल.